उसन्या चित्राची राखण

आमच्या गावच्या दूध संस्थेचा वर्धापनदिन आला आणि नेमका त्याच साली दुष्काळ पडला. जेवणावळ रद्द झाली. त्याऐवजी मागच्या मोठ्या दुष्काळाच्या चित्रांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून ते लचांड माझ्या गळ्यात पडलं.

चित्रं पालीच्या एका मावशींकडून आणली. मावशींचे यजमान, सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले त्या दुष्काळात, खडीच्या कामावर हजेरी घ्यायचे आणि हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदांवर कोळशाने चित्रं काढायचे. ते आता राहिले नव्हते. नऊ कागद होते. एकात बाभळीला बांधलेल्या झोळीतून एक तान्ही पोर डोकावत होती. ती मावशींची लेक. त्याच उन्हाळ्यात गेली.

"फोटू म्हणाल तर ह्योच हाय तिचा. दुसरा न्हाई," मावशी म्हणाल्या. मी छातीठोकपणे सांगितलं की जसं नेते तसं आणून देईन.

बोलून बसले आणि जिवाला घोर लागला. कागद पापडासारखा झालेला, कोळसा फुंकरीने उडेल असा. टाचणी नको, डिंक नको, काच तर नकोच, कोळसा काचेला लागतो. शेवटी जाड पुठ्ठे आणले, कोऱ्या कागदाचे इवले खिसे करून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि चित्राचे चारही कोपरे त्यांत सरकवले. संस्थेचा शिपाई चिकटपट्टी घेऊन मदतीला आला, तर त्याच्यावर मी अशी खेकसले की तो पुढे माझ्याशी बोलेचना. वारं नको म्हणून पंखे बंद ठेवले, ऊन नको म्हणून खिडक्यांना पोती लावली. लोक घामाने भिजले. मला शिव्या घालत असतील तर घालोत बापडे.

पहिल्याच दिवशी सकाळी मावशी आल्या. झोळीच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदराची गाठ सोडून कुंकवाची पुडी काढली, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पेल्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि हात चित्राकडे नेला. गेलेल्या माणसाच्या फोटोला कुंकू लावतातच आपल्याकडे, पण तिथे काच असते. एवढा सगळा विचार केला, आणि हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं.

"कागद खराब होईल, मावशी."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बोट पदराला पुसलं आणि कडेच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, चित्र वाचलं म्हणून हायसंही वाटलं.

प्रदर्शन संपल्यावर पालीला गेले. मावशींच्या ओट्यावर बसून एकेक चित्र खिशांतून अलगद सोडवलं. कुठे डाग नाही, मुडप नाही. मावशींनी झोळीचं चित्र मांडीवर घेतलं, पोरीच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता लावू का, बाई?"