विहिरीवरची पाटी, म्युझियममधली

म्युझियममध्ये आधी वस्तू साठतात, मग धूळ आणि मग किस्से! वस्तूंवर नंबर टाकता येतो, किश्शांवर कुठं टाकणार?

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका छोट्या म्युझियममध्ये नोकरीला होतो. आमचे सावंत सर एकदा पत्र्याची एक पाटी घेऊन आले. मुरगूडकडच्या एका विहिरीवरची. 'अस्पृश्यांस सक्त मनाई.' खाली गावातल्या मंडळाच्या अध्यक्षाचं ठसठशीत नाव.

"असली घाण कशाला जपायची, सर?" मी चिडलोच.

"उद्या लोक म्हणतील, असलं काय नव्हतंच. तेव्हा दाखवायला!"

*

कपाट यायचं होतं, म्हणून पाटी दारातच टेकवून ठेवली. गडहिंग्लजच्या दलित वस्तीतले दोघं आले, पाटी वाचली आणि तसेच माघारी फिरले. सर अनवाणी मागं धावले, "अहो पावणं, तुमच्यासाठीच ठेवलीया ती!"

मार खाता खाता वाचले! चहा पाजून समजूत काढण्यात दुपार गेली.

*

मग आमचा पेंटर. भला माणूस. "सर, अक्षरं पार उडाल्यात. नवीकोरी करून देतो, फुकटात!"

सरांनी त्याच्या हातातला ब्रश अक्षरशः हिसकावून घेतला.

*

खंडेनवमीला शिपाई इराप्पामामांनी तलवारी, कुलपं, टाइपरायटर सगळं पुजलं. पाटीलाही झेंडूची माळ!

सर ओरडले, "मामा, हिची पूजा?"

"हत्यारच हाय की, सर!"

सरांनी माळ मात्र स्वतः काढली.

*

पुढं काही वर्षांनी मोटारीतून एक पावणं उतरले, हातात रंगाचा डबा. पाटीवरच्या अध्यक्षांचे नातू!

"आजोबांचं नाव तेवढं पुसतो. पोरीचं लगीन ठरलंय, सोयरे हितं म्युझियम बघायला येणार हायत. अब्रूचा प्रश्न हाय, सर!"

"नाव पुसलं की पुरावा गेला," सर म्हणाले. आवाज चढले.

तेवढ्यात हौसाक्का आल्या. त्याच गावच्या. लहानपणी त्या विहिरीत घागर बुडवली म्हणून मार खाल्लेल्या. पाटी इथं आहे, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. वाचता येत नव्हतं, म्हणून समोर दिसला त्यालाच म्हणाल्या, "काय लिवलंय, वाच की बाळा."

पावण्यांनी वाचलं आणि नावापाशी अडले.

"थांबलास का? खाली नाव असंल न्हवं?"

त्यांनी नाव वाचलं. "माझे आजोबा," एवढं म्हणाले आणि ठसकाच लागला. मला त्यांचा राग आला होता, तरी पाणी आणायला उठलो.

हौसाक्कांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"घे. आमचं पाणी हाय. चालंल न्हवं?"

पावण्यांनी बाटली घटाघटा रिकामी केली. रंगाचा डबा झाकण न उघडताच मोटारीत ठेवला.