बंबाचं बिऱ्हाड

घर बदलायचं म्हटलं की माणसं वैतागतात. मी मात्र त्या दिवशी उजाडायच्या आत दाढी करून, इस्तरीचा युनिफॉर्म घालून तयार. बायको म्हणाली, "काहून एवढी घाई? कुणाच्या लग्नाला चालले का?" म्हटलं, "लग्नाचं काय घेऊन बसली! आज आमचा बंब नव्या जागी जाऊन राहिला."

मी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात ड्रायव्हर. लेक पाळण्यात होती तवा बंब माझ्या हाती आला, आता ती कॉलेजात जाती. आमच्या जुन्या फायर स्टेशनची दशा काय सांगावी! पावसाळ्यात आत बादल्या मांडून ठेवायचो. गावाची आग विझवणारे आमी, अन् आमच्याच अंथरुणावर पाणी. दाराची चौकट अशी खाली आलेली की बंबावरची शिडी घासल्याशिवाय गाडी बाहेर निघत नव्हती. त्यासाठी मी प्रत्येक साहेबाशी भांडलो. शेवटी एकदाचं दुरुस्तीचं काम निघालं, अन् ते पुरं होईस्तोवर आमची सोय गावाबाहेर मार्केट यार्डातल्या रिकाम्या शेडमधी झाली. मी आठ दिवस आधीच जाऊन बांबूनं शेडची उंची मोजून आलो. दोनदा.

माझं डोकं जरा गरमच, हे मी कबूल करतो. पण एका गोष्टीनं ते जास्तच फिरायचं. पानटपरीवर कुणीतरी हमखास म्हणायचं, "आग विझली की बंब येतो बराबर!" अन् सगळे दात काढायचे. नवी जागा हमरस्त्याला लागून. ना गल्ली, ना बाजाराची गर्दी. आता बघतो कोण हसतं ते, असं मनात होतं.

टेम्पोत खाटा गेल्या, पाणी ओढायचा जाड पाईप गेला, बूट, हेल्मेट, देवाचा फोटो, सगळं गेलं. राहिला बंब. यार्डाच्या वाटेवर नाल्यावर एक जुना पूल आहे, त्याच्या कडेला भेग पडलेली. भरल्या टाकीनं तिथून जायचं न्हाई, असं मी ठरवलं. आत्ताचे साहेब तसे पोरसवदा, मला काका म्हणतात. त्यांनी विचारलं, "काका, टाकी रिकामी करायची? मधीच कॉल आला तर?"

"साहेब, तुमी शाळेत होते तवापासून मी ही गाडी हाकतो," मी फटकारलं. "तिकडं गेल्यावर पहिलं काम टाकी भरायचं."

आमच्यात रीतच तशी. कुठूनही परत आलो की आधी टाकी भरायची, मग चहाला तोंड लावायचं. कितीही दमलेले असा, रात्र असो का दिवस, ती रीत कधी मोडली नव्हती. मी सगळं पाणी स्टेशनच्या लिंबाच्या झाडांना सोडलं अन् निघालो.

यार्डात काय स्वागत झालं म्हणता! हळदीचा सीझन चालू. हमाल पोत्यांवरनं उड्या मारून आले, आडत्यांनी नारळ फोडला. एकानं मूठभर हळद बंबाच्या तोंडाला फासली. लाल बंब पिवळा झाला, आमचे चेहरे पिवळे, साहेबांच्या टोपीवरसुद्धा हळद. मी गाडी एका दमात उलटी शेडमधी घातली, तोंड रस्त्याकडं. शिडी कुठंच घासली न्हाई! मला लेकरासारखा आनंद झाला. एवढ्यात चहा आला. सगळे म्हणाले, "घ्या, घ्या." अन् मी कप हातात घेतला.

अर्धा कप झाला असंल, साहेबांचा फोन वाजला.

आठ-दहा किलोमीटरवरच्या एका तांड्यातली बाई बोलत होती. दारातली कडब्याची गंजी पेटली होती. गंजीला लागून गोठा, गोठ्यात बैलजोडी अन् नुकतीच व्यालेली म्हैस. पोरगं बाजाराला गेलेलं. "मी आत जाऊ का?" ती विचारत होती. साहेब म्हणाले, "अजिबात आत जाऊ नका. तिथंच थांबा. आमी दहा मिनिटांत आलोच!"

कप फेकले अन् धावलो. सायरन लावला. हमालांनी पोती ओढून रस्ता मोकळा करून दिला, पोरं ओरडली. रस्ता सरळ मोकळा, पायाखाली इंजिन घुमून राहिलं. खरं सांगतो, मला जोर चढला होता. जुन्या जागेवरून एवढ्या वेळात आमी चौकसुद्धा ओलांडला नसता.

शाळेपाशी गतिरोधक आला. मी ब्रेक दाबला. भरल्या टाकीत ब्रेक दाबला की पाणी मागनं धक्का देतं, पाठीला कळतं. या खेपेला काहीच कळलं न्हाई.

"अर्रर्र! साहेब, टाकी!"

साहेबांचा चेहरा हळदीखाली पांढरा पडला. परत फिरावं तर अर्धा तास. जवळच्या शेततळ्यातनं ओढावं तर पाणी ओढायचा जाड पाईप टेम्पोत, म्हणजे यार्डात. तेवढ्यात त्या बाईचा फोन परत आला. "कुठं आले, भाऊ? गोठ्यात धूर घुसला."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "काका, रस्त्यात आहोत म्हणून सांगू. घाबरून जाईल."

मी गाडी कडेला घेतली अन् फोन त्यांच्या हातातनं हिसकलाच. म्हटलं, "माय, नीट ऐक. मी ड्रायव्हर बोलून राहिलो. गाडीत पाणी न्हाई. आमाला वेळ लागंल. आमची वाट बघू नको. पुढच्या दारानं आत जायचं न्हाई. गोठ्याचा मागचा कूड तुराट्यांचा हाये का?"

"व्हय."

"माणसं घे, कुऱ्हाडी घे, मागनं कूड तोड. जनावरांची दावी काप. गंजी जळू दे. आत्ता, लगेच!"

फोन बंद झाला.

थोडं पुढं एक शेतकरी बोअरनं भुईमुगाला पाणी देत होता. मी ओरडत बांधावरनं पळालो. त्यानं एक सवाल केला न्हाई, पाईप उपसला अन् टाकीच्या तोंडात घातला. ती टाकी भरायला जो वेळ लागला, तसा वेळ माझ्या जल्मात दुसरा आला न्हाई. साहेब सारखे फोन लावत होते, तिकडून कुणी उचलत नव्हतं. अर्धी टाकी झाली अन् निघालो.

तांड्यात पोचलो तवा गंजी बसली होती अन् गोठ्याचं छप्पर पेटलं होतं. आमी उतरता उतरता पाईप जोडले. पहिला फवारा गोठ्यावर, दुसरा शेजारच्या दोन घरांवर. घरं वाचली. मी कूड फुटलेल्या बाजूनं वाकून आत पाह्यलं. आत खुंटे होते, खुंट्यांना दाव्याचे तुकडे. जनावर एकही न्हाई.

ती सगळी पलीकडं बोरीखाली उभी होती. बैल थरथरत होते, म्हैस रेडकाला चाटत होती. फोनवरची ती म्हातारी तिथंच, कुऱ्हाड अजून हातात, लुगडं धुरानं काळंकुट्ट. मी हात जोडले. म्हटलं, "माय, टाकी मीच रिकामी केली होती. चूक माझी हाये, दुसऱ्या कुणाची न्हाई." साहेब मागं येऊन उभे राह्यले होते.

तिनं माझ्याकडं पाह्यलं, मग साहेबांकडं.

"चुकला ते चुकला, भाऊ," ती म्हणाली. "पण तूबी 'आलोच' म्हणला असता, तर मी रस्त्याकडं तोंड करून उभीच राह्यले असते."