बांधाखालची उकळती वाळू

गंगापूर रोडला आमच्या शेजारी नव्या इमारतीचा खड्डा खणलाय. काल त्याच्या तळातून पाणी बुडबुडत वर येताना दिसलं. सोबत बारीक वाळू घुसळून येत होती आणि भोकाच्या तोंडाभोवती वारुळासारखी साचत होती. ओल्या वाळूचा तो गार वास आला आणि मी विंचूरजवळच्या आमच्या गावात पुन्हा नऊ वर्षांची झाले.

तेव्हा भरलेल्या तळ्याच्या बांधाखाली अशीच वाळू उकळत होती. झरा लागला म्हणून बायकांनी हळद-कुंकूही वाहिलं होतं. माझे वडील, अण्णा, तळ्याचे राखणदार. त्यांनी ते पाणी ओंजळीत घेतलं, वाळू बोटांत चोळली.

"हा झरा नाय. तळ्याच्या दाबानं बांधाखालची वाळू निघून चाललीय."

लोक दगड घेऊन भोक बुजवायला धावले.

"बुजवू नका, दुसरीकडून फुटंल. भोवती आळं करा, पाणी आत चढू द्या, त्याच्याच वजनानं वाळू दबंल."

खताच्या गोण्यांत माती भरून सगळे आळं रचू लागले. मला मात्र अण्णा म्हणाले, "पोरी, तू टेकडीवर जा. तळ्यावरचे बगळे मोज."

मी रुसूनच गेले. वरून बघितलं, आळ्यात पाणी गुडघाभर चढलं आणि वाळू हळूहळू निवली. बगळे सत्तावीस भरले. अण्णांनी तो आकडा पुन्हा पुन्हा विचारला, कौतुक केलं.

बांध फुटला असता तरी पाणी टेकडीवर चढलं नसतं, हे मला काल त्या खड्ड्याच्या काठावर कळलं. अण्णा तेवढा वेळ बांधाखालीच उभे होते.