साडूंचा ओटा

जगाच्या पाठीवर कॉम्प्युटरवर जीव टाकणारी माणसं खंडीभर असतील, पण भर मे महिन्यात पाहुण्यांपुढचा कूलर उचलून कॉम्प्युटरपुढे नेऊन ठेवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा हे माझं भाग्य. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे पाथर्डीकडचे. साखर कारखान्याच्या हजेरी खात्यातून निवृत्त झाले आणि केडगावात घर बांधून राहिले. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे म्हणे. तो कॉम्प्युटर भंगारात गेला त्यालाही जमाना झाला, पण साडू आजही चपला काढल्याशिवाय की-बोर्डाला हात लावत नाहीत. एसटीत लॅपटॉप उघडायचा झाला तरी चपला आधी सीटखाली जातात.

त्यांना मतं फार, आणि मत विचारायची वाट बघण्याचा त्यांचा स्वभाव नाही. फुकटच्या अॅपांवर त्यांचा भयंकर राग. "बाजारात बैलाला फुकट पेंड कोन घालतं, साडू? ज्याला त्यो इकायचा हाय त्यो!" असं त्यांनी मला एका साखरपुड्यात ऐकवलं होतं. हल्ली प्रश्न विचारला की उत्तर देणारी नवी यंत्रं आली आहेत, तीही त्यांनी तपासून पाहिली. "त्याला इचारलं, आमच्याकडची ज्वारी औंदा कशी हाय? म्हनतं उत्तम हाय. आरं, पाऊसच न्हाई, तर उत्तम कुठनं? 'मला म्हाईत न्हाई' असं म्हनायला शिकंल, तवा त्याला शहाना म्हनीन." लिनक्स म्हणजे तर त्यांचं कुलदैवत. एका पुतणीच्या लग्नात फोटोग्राफरचा लॅपटॉप हळू चालतो असं त्यांना दिसलं आणि त्यांनी जेवणाची पंगत उठेपर्यंत त्यावर लिनक्स चढवून दिलं. मग नवरा-नवरीची फिल्म लावायची वेळ आली, तर पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं सरसर वर जायला लागली. मांडव अर्धा तास ती अक्षरं बघत बसला. वरबाप चिडून जवळ आला तेव्हा साडू अभिमानाने म्हणाले, "बगा, आत काय चाललंय ते समदं दिसतंय. लपवाछपवी न्हाई!" त्या घरात पुढे कितीतरी दिवस आम्हा कोणालाच चहा मिळाला नाही.

पण त्यांचा खरा संसार म्हणजे ओटा. लोकांनी बसून लिहावं, बोलावं, वाद घालावा म्हणून त्यांनी इंटरनेटवर थाटलेली ही जागा. ती चालते त्यांच्या कोठीच्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर, गव्हाच्या कणगीशेजारी. दुसऱ्याच्या कंपनीत ती ठेवायला त्यांची तयारी नाही. "लोकाच्या ओट्यावर बसलं, की त्यो ऊठ म्हनला की उठावं लागतं," हे त्यावरचं त्यांचं उत्तर. वीज गेली की घरातला इन्व्हर्टर पहिल्यांदा ओट्याला, मग उरला तर देवघरातल्या दिव्याला, आणि पंखा फक्त जावयाला. ओट्याचे नियम कडक होते. आलं की आधी रामराम घालायचा, दुसऱ्याचं लिहिलेलं पुढे ढकलायचं नाही, आणि भांडण झालं तर दिवेलागणीच्या आत मिटवायचं. नाही मिटलं तर साडू त्या भांडणाला कुलूप घालत आणि दोघांनाही स्वतः फोन करून "जेवला का?" म्हणून विचारत. त्यांच्या एका फोनवर नगरचा एक मास्तर आणि दुबईतला एक फिटर दोन्हीकडून ढसाढसा रडल्याचं मला माहीत आहे. आमची ताई, म्हणजे माझी मेहुणी, त्या कॉम्प्युटरला सवत म्हणायची, आणि कणगीतले गहू काढताना मुद्दाम त्याच्याकडे पाठ करायची.

मग मोबाईल आले आणि ओट्यावरची माणसं एकेक करून उठून मोबाईलवरच्या ग्रुपांत गेली. मास्तर गेला, फिटर गेला. साडूंनी सगळ्यांना समजावून पाहिलं. "तिथं काय बोलनं हाय का? सकाळी फूल, दुपारी फूल, सांजच्याला देवाचा फोटो!" पण कोणी परत आलं नाही. साडू मात्र रोज अंघोळ करून, चपला काढून रिकाम्या ओट्यावर "रामराम मंडळी" लिहीत राहिले. एका रविवारी मी गेलो तर ते ओट्यापुढेच बसून होते. म्हणाले, "संक्रांतीपतूर वाट बघतो. तवर कुनी बसाया आलं न्हाई, तर बंद करतो. रिकाम्या ओट्यावर दिवा लावून काय उपेग?" अगदी साध्या आवाजात बोलले. ताई स्वयंपाकघरात होती. तिचं लाटणं थांबलेलं मी ऐकलं.

चारच दिवसांनी ताईचा मला फोन. "भाऊजी, त्या मेल्या ओट्यावर नाव कसं घालतात वो? यांना सांगू नका." मी सांगितलं तसं तिने केलं, आणि ओट्यावर 'वाटसरू' नावाची एक नवी बाई येऊन रामराम घालती झाली. साडूंचा आनंद काय वर्णावा! त्यांनी मला फोन करून तिचा रामराम वाचून दाखवला. वाटसरूबाई विचारायच्या, लिनक्स म्हणजे काय? साडू दोन-दोन पानं लिहायचे, "अहो बाई, फार चांगला प्रश्न विचारलात" म्हणायचे. एरवी या जोडप्याचं दिवसभराचं बोलणं म्हणजे "जेवायला चला" आणि "मीठ कमी हाय", आणि आता एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसून दोघं तासतासभर लिहायची. मध्येच साडू ओरडायचे, "च्या टाक गं!" आणि ताई मोबाईल पदराखाली घालून उठायची.

संक्रांत आली, गेली. ओटा चालूच राहिला. तिळगूळ द्यायला मी गेलो तेव्हा, आता बंद करण्याचं नाव नाही ना, म्हणून मी त्यांना जरा चिडवलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"साडू, कोन कुठनं लिवतंय ते मालकाला दिसतं. वाटसरू आपल्याच घरातल्या कनेक्शनवरनं येती. पयल्याच दिशी कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? समद्या संसारात तिनं मला एवढं कवा इचारलं न्हाई, आन म्या बी कवा सांगितलं न्हाई. मला कळलंय हे तिला कळलं, तर लाजून थांबंल ती. तुमी गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. मला या माणसाचा एवढा लळा का आहे, ते मला त्या दिवशी नीट समजलं.

आमची सासुरवाडी जामखेडजवळच्या खर्ड्याची. सासू-सासरे गेले, मेहुण्याने घर विकून पुणं गाठलं, आणि त्या गावाशी आमचा संबंध संपला. ताई त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नव्हती. फाल्गुनात एक दिवस वाटसरूने ओट्यावर लिहिलं, 'शाळा सुटली की आम्ही मुली किल्ल्याच्या भिंतीला पाठ टेकून चिंचा खायचो. आता त्या गावात उतरायला घर नाही. माहेर संपलेल्या बाईनं तिथे कोणाकडे म्हणून जायचं?' साडूंनी त्याखाली काहीच लिहिलं नाही. पण पुढच्या रविवारी ते ताईला म्हणाले, "चल, जामखेडकडं जाऊन येऊ. मला किल्ला बगायचाय." ज्या माणसाने बायकोसाठी ओटा सोडून एक दिवस घराबाहेर काढला नव्हता, तो एसटीने तिला खर्ड्याला घेऊन गेला आणि ऊन उतरेपर्यंत त्या भिंतीपाशी तिच्याशेजारी बसून राहिला.

परत आल्यावर ताईने मला फोन केला. "भाऊजी, यांना कसं काय सुचलं वो?" मी म्हणालो, "सुचलं असेल."

दुसऱ्या दिवशी वाटसरूने ओट्यावर लिहिलं होतं, 'काल माहेरी जाऊन आले.' त्याखाली साडूंनी विचारलं होतं, 'एकट्याच गेला होतात का, बाई?'

'नाही,' तिने उत्तर दिलं होतं. 'सोबत होती. फार चांगली होती.'