पाषाणाला लावलेले तेल

मुंबईत मला नोकरी लागली त्या कारखान्यात तोंडाला लावायची क्रीम आणि खरजेवरची मलमे होत. मी प्रयोगशाळेत होतो. तेल आणि पाणी एका भांड्यात नांदवायचे, हे माझे काम. स्निग्ध आम्लापासून एस्टर नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांतल्या काहींचे एक टोक तेलात रमते आणि दुसरे पाण्यात. असले द्रव्य थोडे घातले की क्रीम फुटत नाही, मलमावर पाणी सुटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मला शिकवणाऱ्यांचे आणि नोकरी देणाऱ्यांचे उपकार मी आजही मानतो.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात रजेवर गावी आलो. आमचे गाव आचऱ्याच्या अलीकडे. येताना साहेबांना विचारून असल्याच एका द्रव्याची लहान बाटली आणली होती. ते परदेशातून यायचे. दाट, मधाच्या रंगाचे. आईच्या टाचा फार भेगाळलेल्या असत. कोकमाच्या बियांचे तेल, आमच्याकडचे भिरंडेल, मेणासारखे घट्ट असते. ते पळीत पातळ करून ती भेगांत भरायची आणि चटका बसला की पाय आखडून हसायची. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, आणि कारखान्यात क्रीमला आम्ही तेच वापरत असू. घरच्या भिरंडेलाचे पांढरे, मऊ क्रीम करून आईला द्यावे असे माझ्या मनात होते. थोडे मिरवायचेही होते.

बाबांनी बाटली उजेडात धरली. "ह्यां कसला त्याल?"

प्रवासाने मी शिणलो होतो. खरे सांगायचे तर ते मालवणीत कसे सांगायचे हे मला सुचत नव्हते. म्हटले, "तेलच समजा. विलायतेतसून येता."

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचे ठरत होते. कट्टा गावच्या बाजारात कापडाचे दुकान असलेल्या घरातला मुलगा. बघून गेला होता. "चेडवाच्या मनात भरलो हा," असे आईने बहिणीबद्दल मला हळूच सांगितले. त्यांच्याकडून होकार होता. आमच्याकडून फक्त देवाचा कौल घ्यायचा राहिला होता, आणि कौलाशिवाय आमच्या घरी सोयरीक होत नाही.

आमच्या देवळात कौल पाकळ्यांचा. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या आठवड्यात पाषाणाला लावायचे तेल द्यायची पाळी आमच्या घराची होती. दरवर्षी बाबा घाण्यावरचे खोबरेल देत. त्या सोमवारी देवळात गेलो तर पाषाण नेहमीपेक्षा चकाकत होता, आणि बाबा खांबाला टेकून चारचौघांना सांगत होते, "आज देवाक साधा त्याल नाय. माझ्या झिलान मुंबैसून हाडलेला." मी तेव्हाच तोंड उघडायला हवे होते, पण बाबांचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

गुरवाने गाऱ्हाणे सुरू केले. "बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या चेडवाचा लगीन..." लोक "व्हय महाराजा" म्हणाले. पाकळ्या लावल्या. बोट काढताच दोन्ही घसरल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा दोन्ही, एकदमच.

"देवाक उन्हाळो लागलो रे," मागून कोणी म्हणाले. "घाम फुटलो हा तेका."

लोक हसले. गुरवाने हात पंचाला पुसले आणि तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. पाणी पाषाणावर पसरून नुसते ओघळत होते. एरवी तेलकट पाषाणावर पाण्याचे थेंब थेंब उभे राहतात. भिजलेली पाकळी दगडाला धरून राहते ती पाण्याच्या ताणावर, आणि तो ताण मोडणे हेच माझ्या बाटलीतल्या द्रव्याचे काम. कारखान्यात त्याचे मला कौतुक होते.

"देव आज बोलणा नाय," गुरव म्हणाला. बाबांनी खाली पाहिले. बहीण बाहेर ओट्यावर बायकांत बसली होती.

मी पुढे झालो. पाषाण धुवायला हवा, असे म्हणालो आणि का ते सांगू लागलो. सांगताना माझी भाषा आपोआप कचेरीतली झाली. सगळे अदबीने ऐकत राहिले, जसे मामलेदाराचे ऐकतात.

"मगे ह्यां त्याल न्हय?" गुरवाने विचारले.

"नाय. स्निग्ध आम्लापासून करतत."

"तां खंयसून काढतत?"

"झाडांच्या तेलातून." मग मला पुढचेही बोलावे लागले. "आणि जनावरांच्या चरबीतूनही."

"ह्यां कशातला?"

"माका म्हायत नाय," मी म्हणालो.

मघाशी थट्टा करणाऱ्यानेसुद्धा मान वळवली. बाटलीवर इतके काही छापलेले होते. ते द्रव्य मी वर्षभर हाताळले होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो गुरवाला लगेच पडला. बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. "चूक माझी," ते म्हणाले. "तेका न विचारता मीच घेतलंय." तेल समजा असे मी सांगितले होते, ते त्यांनी गिळून टाकले. "मीच तेल म्हणून सांगितलेलंय," असे मी म्हणालो, पण गुरव तोवर घागर घेऊन विहिरीकडे निघाला होता.

पाषाण गोमूत्राने धुतला, मग चिंचेने, मग पाण्याच्या घागरी ओतल्या. दुपारी पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी दोन्ही चिकटल्या. थोड्या वेळाने डावी पडली. उजवी गुरवाने काढीपर्यंत तशीच होती.

डाव्या अंगाला पाषाणात एक खाच होती. तिथे ते द्रव्य थोडे जरी उरले असेल, तर डावी पाकळी आधी पडणारच. मी गुरवाला बाजूला घेऊन सांगितले. तो वयाने बाबांएवढा. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "तू शिकलेलो. तुका कळता. पण आता देवाक विचारून झाला, बाबा." एकदा पाकळी पडली की तीच गोष्ट देवाला दुसऱ्यांदा विचारत नाहीत, हे मलाही ठाऊक होते.

संध्याकाळी बहीण मागल्या दारी भांडी घासत होती. मी जाऊन उभा राहिलो.

"दादा, ती पाकळी देवान पाडल्यान की तुझ्या औषधान?"

"माका सांगूक येणा नाय."

"तू शिकलंस मां?" तिने विचारले. आवाजात राग नव्हता. मग राख घेऊन ती पुढचे भांडे घासू लागली.

कट्ट्याला निरोप कोणी न्यायचा, यावर घरात फार बोलणे झाले नाही. मी शिकलेला, मला नीट बोलता येते, म्हणून मीच गेलो. दुकानात मुलगा एकटाच होता. त्याने मला बाकावर बसवले, शेजारून चहा मागवला.

"देव नाय म्हणालो?" त्याने विचारले.

बशी माझ्या हातात होती. जे घडले ते सगळे त्याला सांगितले असते, तर बाबांनी देवाला काय लावले हे बाजारभर झाले असते.

"होय," मी म्हणालो. "कौल मिळाला नाही."

"परत विचारूचा नाय?"

"तसा रिवाज नाही."

त्याने मान हलवली. कापडाचे उलगडलेले ठाण तो गुंडाळू लागला आणि मला म्हणाला, चहा निवता हा, घेवा.