दीड वाव

बशीबाब कुणालाही माफ करत नसत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मालवणात त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, तो आधी हेच सांगेल, आणि मग त्यांचं पाण्यातलं कसब, त्यांचा आवाज, त्यांच्या बायकोच्या हातचं सोरपोतेल वगैरे. एकदा रविवारच्या मिस्सेनंतर फादरनी त्यांना अडवून क्षमेबद्दल चार शब्द सांगितले. बशीबाबांनी टोपी हातात धरून सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “फादर, माफ करूचा काम देवाचा. मिया फक्त याद ठेवतंय.”

आणि याद ते खरोखर ठेवत. सख्ख्या भावाशी एका कापा फणसाच्या झाडावरून चौदा वर्षं बोलत नव्हते. भावाच्या मुलीच्या लग्नाला गेले, मांडव घालायला पहाटेपासून राबले, जेवले, आणि भावाशी एक शब्द न बोलता परत आले. पाववाल्याने कधीतरी त्यांना मुद्दाम करपलेले पाव दिले होते. पुढे त्याच पाववाल्याचा मुलगा पोहायला शिकायला आला. बशीबाबांनी त्याला सगळ्या पोरांत उत्तम तयार केला, महिन्याने हाताला धरून बापापुढे नेऊन उभा केला आणि सांगितलं, “तुझ्या झिलाक मिया शिकयलंय. पाव मात्र तुझो मरासर खावचंय नाय.” त्यांचा सूड हा असा असे. समोरच्याला काही बोलायला जागाच उरत नसे.

मी वरच्या अंगाची, डोंगरातली. भात, काजू, थोडे आंबे एवढंच आमचं जग. आठवीनंतर शाळा सुटली, मग काजूच्या कारखान्यात टरफलं सोलून बोटं काळी केली. एकोणिसाव्या वर्षी एका मावशीच्या ओळखीने किनाऱ्यावर आले, शेटच्या डायव्हिंगच्या दुकानात सूट धुवायला. शेटचं नाव घेत नाही, त्याला ते आवडेल. गुडघाभर पाण्याच्या पुढे मी कधी गेले नव्हते. बशीबाब तिथले सगळ्यात जुने पाणबुडे. मी हवेच्या टाकीचा काटा तीन-तीनदा बघते, निघालेल्या बोटीवरून उतरून परत दोर तपासते, हे बघून बाकीचे हसायचे. बशीबाब हसले नाहीत. म्हणाले, “भिणारो माणूस दोनदा बघता. हीका शिकवतलंय.” आजवर माझ्या भित्रेपणाला कुणी गुण म्हटलं नव्हतं. आज जे दोन घास खाते ते त्या वाक्यावर.

त्यांचं नाव पडलं ते बशीवरून. चिनी मातीची मोठी पांढरी बशी, सुतळीच्या जाळीत बसवलेली, खाली जाळ्याचं शिसं. रोज सकाळी पहिल्या बोटीने ते किल्ल्याच्या आडोशाला जात आणि बशी पाण्यात सोडत. दोरीला दर वावावर गाठ. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. तीन वावांवर बशी दिसली की पाहुण्यांना पाण्यात न्यायचं. त्याआधी दिसेनाशी झाली तर नाही. पाहुण्यांना तो कसला तरी नवस वाटे, काहीजण नमस्कारही करत. बशीबाबांचे हात ओले असायचे म्हणून ते आकडा सांगत आणि वहीत मी लिहीत असे. त्या वहीत माझं अक्षर होतं आणि शब्द त्यांचा, ही गोष्ट मला तेव्हा फार मोठी वाटे.

पाण्यात चूक केली तर ते ओरडत नसत. पण एकदा मी शेटशी भांडून तशीच बुडी मारली आणि नेहमीच्या निम्म्या वेळात टाकी रिकामी करून वर आले. त्या दिवशी त्यांनी मला बोटीवर बसवून समजावलं. चिडलेला माणूस धापा टाकतो, त्याची हवा लवकर संपते, आणि ज्याचा हात आपण धरलेला असतो त्यालाही अर्ध्यातून वर यावं लागतं. “राग काठार ठेव, कपड्यांवांगडा,” म्हणाले, म्हणजे कपड्यांबरोबरच. “वर इलंस की परत घाल. कोण नाय म्हणूचो नाय.”

जूनपासून आमचा दर्या बंद. बोटी वर ओढलेल्या, टाक्या गोदामात. तरी दुकानाचा फोन वाजायचा. जुलैत येतोय, डायव्हिंग होईल ना? शेट म्हणे, या तर खरं, बघू. त्याला लॉज भरायचं असे. बशीबाब जवळ असले की फोन हिसकावून घेत आणि सांगत की हंय येव नको, पण बुडी मारूचीच आसात तर नकाशो काढा. मुलीच्या शाळेचा जुना नकाशासंग्रह घेऊन ते पडवीत बसत आणि कधीही न जायच्या जागा निवडत. त्यांचे प्रश्न तीनच. वारा कुठून येतो? नदी कुठे मिळते? आणि बशी किती वाव दिसते? पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणजे ज्या किनाऱ्याची पाठ त्याला लागते तो शांत. लंकेची पूर्वेची बाजू चालेल, पश्चिमेची नाही. मोठी नदी जवळ असेल तर वारा पडलेला असूनही उपयोग नाही, ती चार दिवस चिखल ओतणार. मग थंडीत सगळं उलटं होतं, तेव्हा तेच किनारे सोडायचे. मलेशियाच्या पूर्वेकडच्या बारीक बेटांवर त्यांनी बोट ठेवलं होतं आणि मला म्हणाले होते, “पावसात हंय जा गो. मिया म्हातारो झालंय, तू जा.”

आता शेटकडे येते. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. घाटावर दोन दिवस पाऊस झाला होता आणि कर्ली नदीच्या मुखातून तांबडं पाणी बाहेर यायला लागलं होतं. बशीबाबांनी बशी सोडली. दीड वावावर ती दिसेनाशी झाली. मी लिहिलं, ‘दीड वाव. नको.’ दुकानासमोर घाटावरच्या पाहुण्यांची बस उभी होती. शेट म्हणाला, हंगामाचा शेवटचा आठवडा, अशी माणसं परत पाठवायची नसतात. बशीबाबांनी बशी पिशवीत घातली आणि घरी निघून गेले. मी गेले नाही. मी बोटीत बसले.

पाहुण्यांपैकी एका शिक्षिकेचा हात मी धरला होता. खाली मला माझाच हात दिसत नव्हता. लाट आली, त्यांच्या चष्म्यात पाणी गेलं, त्यांनी हात सोडवून घेतला आणि त्या वर सुटल्या. बोटीच्या शिडीवर डोकं आपटलं, कानाचा पडदा फाटला. वाचल्या. पण इस्पितळात त्या मला विचारत होत्या, माझं चुकलं का हो? मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

चौकशी होणार हे कळल्यावर शेटने मला आतल्या खोलीत बोलावलं. आवाज अगदी मऊ. दीड वाव लिहिलेलं असताना तू पाण्यात उतरलीस, म्हणजे डायव्हिंगच्या परवान्याचं कार्ड तुझं जाणार, म्हणाला. बशीबाब म्हातारे, त्यांना आता कार्डाचं काय? आणि तुला बाहेर कुठे काम हवं असेल तर शिफारशीचं पत्र मी देतो. मी पान फाडलं. नवीन पानावर लिहिलं, ‘तीन वाव. चालेल.’

बोटवाल्यांच्या सभेत ते पान वाचलं गेलं. बशीबाबांनी वही मागितली, लांब धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी पायांकडे बघत होते. ते एवढंच म्हणाले, “माझी बशी खोटा बोलूंक नाय.” त्यानंतर त्यांना एकाही बोटीवर घ्यायचं नाही असं ठरलं. पाहुण्याचा जीव धोक्यात घातला म्हणून. चाळीस वर्षं ज्या माणसाने एका जिवाला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्याच्याबद्दल. आणि मी शेटचं पत्र घेऊन इथे आले, त्याच बेटांपैकी एकावर, जिथे बशीबाबांनी बोट ठेवलं होतं.

इथे आता पाच वर्षं झाली. इथे मी गाईड आहे. आपल्याकडचे लोक फोनवर विचारतात, पावसाळ्यात बुडी मारायला कुठे जाऊ? मी त्यांना वारा, नदी आणि बशी विचारते. ते म्हणतात, मॅडम तुम्हाला फार माहिती आहे. दर वेळी मला ते पान आठवतं. पण शेटचा राग काढायला शेट समोर नव्हता. गेल्या वर्षी जुलैत तो आला.

आला तो बारा पाहुणे घेऊन. स्वतःचा धंदा पावसात बंद असतो म्हणून त्याने परदेशच्या सहली काढल्या होत्या. मला बघून त्याला खरोखर आनंद झाला. पाहुण्यांना सांगत होता, ही आमची चेडू, आमच्या दुकानातली पोर, मीच पाठवली हिला. त्याला बेटाच्या दक्षिण टोकाचा खडक हवा होता, जाहिरातीत त्याचाच फोटो. त्या टोकाला पाण्याला जोराची ओढ असते. नवख्याला सोडलं तर तो अर्ध्या तासात उघड्या समुद्रात दिसेनासा होईल. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी तोच विचार करत होते. पाहुण्यांना नाही, त्याला एकट्याला. ओढीची वेळ मला पाठ आहे. त्याला सांगायचं, शेट तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतेच. विचार करताना मला छान झोप लागायची, एवढं लिहिते म्हणजे कळेल.

पण सकाळी बोट मी आपोआप बेटाच्या आडोशाला घेतली आणि बशीबाबांसारखीच केलेली माझी बशी तिथे सोडली. आठ वावांवर बशी स्पष्ट दिसली. सगळ्यांना तिथेच नेलं. शेट माझ्या डावीकडे पोहत होता, कासवाचे फोटो काढत, मजेत. पंधरा मिनिटांनी काटा बघितला तर माझी टाकी निम्म्याच्या खाली. पाहुण्यांचे काटे भरलेले आणि हवा संपलेली मी. बारा माणसं माझ्या भरवशावर खाली होती आणि मी रागाने धापा टाकत होते. सगळ्यांना वर घेतलं. कासव पुरतं बघायला मिळालं नाही म्हणून ते कुरकुरले.

धक्क्यावर टाक्या उतरवल्या. सूट ओलेच होते. मी मुद्दाम मालवणी सोडून शुद्ध बोलले, घाटावरच्यांना नीट कळावं म्हणून. म्हटलं, “शेट, त्या दिवशी बशी दीड वावावर गेली होती. पान मी बदललं. तुम्ही बदलायला लावलंत.” मग सगळं सांगितलं, शिक्षिकेच्या कानापासून पत्रापर्यंत. शेट हसून म्हणाला की पोरीच्या डोक्यात पाणी गेलंय. कुणी हसलं नाही. एक वयस्कर बाई विचारत होत्या, आणि मग ते म्हातारे? शेट त्यांच्याकडे वळला, पण त्या माझ्याकडे बघत होत्या. परतीच्या बोटीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. ते बघून मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही.

त्याच दुपारी मी दोन पानं लिहिली, माझ्या आठवीच्या मराठीत. त्यांचे फोटो काढून बोटवाल्यांना पाठवले, बशीबाबांच्या मुलीला पाठवले, आणि इथल्या मालकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेऊन मला हंगामभर पाण्याबाहेर ठेवलं, टाक्या भरायला. जिने नोंद खोटी केली तिच्या हातात पाहुणा द्यायचा कसा, म्हणाला. बरोबर बोलला. काढून टाकलं नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

बशीबाब माझ्याशी बोलले नाहीत. पत्राला उत्तर नाही, फोन नाही. मीही केला नाही, मला माणूस माहीत होता. या वर्षी ईस्टरच्या आधी ते गेले. मला जाता आलं नाही. पण त्याआधी, गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेनंतर, हंगाम उघडण्यापूर्वी, बोटवाल्यांची सभा झाली होती, त्याबद्दल त्यांच्या मुलीने मला ते गेल्यावर सांगितलं. ती कणकवलीला शाळेत शिकवते, म्हणून पत्र वाचायला तिलाच उभं केलं होतं.

तिचं वाचून संपत आलं तेव्हा शेट आला. दाराशीच उभा राहिला. लोक कुजबुजायला लागले. बशीबाब मागच्या बाकावर होते. त्यांनी हात वर केला आणि मुलीला सांगितलं, “पयल्यापासून वाच. शेट आत्ता इले.”

तिने पहिल्यापासून वाचलं. शेटला बसायला कुणी जागा दिली नाही, त्याने उभ्याने ऐकलं. त्या हंगामात त्याच्या दुकानाला एकाही बोटवाल्याने बोट दिली नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पण दुसऱ्या वाचनात, जिथे पान मी फाडलं असं मी लिहिलं होतं, तिथे मुलीने माझी दया येऊन आवाज खाली घेतला आणि एक ओळ गाळली. बशीबाबांनी तिला थांबवलं. “तां पण वाच,” म्हणाले. “तिचा नाव घेवन वाच.”

तिने माझं नाव घेऊन वाचलं. मी फोनवर विचारलं, मग पुढे? तर म्हणाली, मग काही नाही. बाबा घरी आले आणि खूप दिवसांनी दोनदा भात घेतला.