भिमाबाईंचा शब्द आणि सातपुड्याचे दगड

भिमाबाई एकदा नाही म्हणाल्या की नाहीच, असा त्यांचा लौकिक होता. नाशिकच्या कॉलनीत तो सगळ्यांना माहीत होता आणि गावाकडे तर विचारायलाच नको. एका बोकडावरून सख्ख्या भावाशी, भिकाशी बिनसलं, तेव्हा तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही, असं त्या बोलून गेल्या होत्या. पुढे भिकाच्या मुलीचं लग्न निघालं. भिमाबाई आल्या, गल्लीत बाज टाकून बसल्या आणि तिथूनच अख्खं लग्न हाकलं. आत हळद चाललेली आणि बाहेरून यांच्या सूचना. जेवणाचं ताटसुद्धा उंबऱ्यावरून बाहेर आलं, पण पाय काही आत गेला नाही.

अशा बाईंनी १९८४च्या थंडीत आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

त्यांचा मुलगा मल्हारी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होता. कुटुंबाला फिरायला न्यायचं भाडं कारखान्यातून मिळायचं, आईसकट. दर खेपेला ही सवलत कुणाच्या ना कुणाच्या लग्नात वाया जायची. या वेळी मल्हारीने कंबर कसली आणि जाहीर केलं, पचमढीला जायचं. नाशिकरोडला गाडीत बसायचं, पिपरियाला उतरायचं आणि तिथून बसने घाट चढायचा. तिकडे सातपुड्यात नुकतंच राष्ट्रीय उद्यान झालं होतं आणि त्यातले खडक म्हणे बघत राहावेत असे. त्याने हे सांगितलं तेव्हा शेजारच्या यशोदाबाई नेमक्या चहाला बसल्या होत्या. सगळा घोळ तिथे झाला.

"दगडं बघायला?" भिमाबाई म्हणाल्या. "आख्खा जन्म दगडंच बघितली म्या. मी नाय यायची. तुमी जा."

झालं. परक्या माणसासमोर शब्द गेला.

तसं त्यांचंही खोटं नव्हतं. नवरा गेला तेव्हा मल्हारी पाळण्यात होता. पेठच्या रस्त्याला खडी लागत होती, म्हणून गावाशेजारच्या टेकडीवर खाण सुरू झाली आणि भिमाबाई हातोडी घेऊन तिथे जाऊन बसल्या. मल्हारी नोकरीला लागला तेव्हाच त्या तिथून उठल्या. त्याची पाटी, त्याची पँट, आयटीआयची फी, सगळं त्या टेकडीतून निघालं. शेवटी टेकडीच्या जागी एक खड्डा राहिला आणि त्यात म्हशी डुंबायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात मल्हारीचा कारखान्यातला दोस्त गोरक्ष पचमढीचे फोटो घेऊन आला. तो तिकडे जाऊन आला होता. सगळे फोटोंवर तुटून पडले. भिमाबाई पाठ फिरवून तांदूळ निवडत बसल्या, पण कान मागेच होते. गोरक्ष तांबड्या कड्यांचं वर्णन करत होता, नुसत्या वाऱ्यापावसाने घडलेल्या खडकांचं सांगत होता. मग त्याने स्वतःचीच फजिती सांगितली. शोकेसमध्ये ठेवायला म्हणून त्याने एक गुळगुळीत दगड खिशात टाकला, तर जंगलाच्या गार्डने पकडलं आणि होता तिथे परत ठेवायला लावला.

लोक पोट धरून हसले. भिमाबाईंनी मात्र विचारलं, तिथे घण कोणीच मारत नाही का? गोरक्ष म्हणाला, नाही मावशी, कायदाच आहे. कधीच नाही? कधीच नाही. भिमाबाई पुन्हा सुपाकडे वळल्या आणि खडे सुपात ठेवून तांदूळ अंगणात टाकायला लागल्या.

त्या दिवसापासून पचमढीने त्यांना झपाटलं. जत्रेला निघालेल्या पोरीसारखं त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. पण शब्द गेलेला. मल्हारीने एकदा विचारलं, त्यांनी सवयीने मान हलवली आणि तो गुणी मुलगा आईचा मान राखून गप्प बसला. त्याने आणखी दोनदा आग्रह केला असता तर त्याचं काय बिघडलं असतं, असं त्यांना वाटे. सुनेने, सुमनबाईने तर त्यांच्या जेवणाची सोय यशोदाबाईंकडे करूनही टाकली.

भिमाबाई वंदनेला म्हणून रोज पहाटे जवळच्या डोंगरातल्या बुद्धलेणीच्या पायऱ्या चढू लागल्या. तळपायाच्या भोवरीला बरे पडतात म्हणून मेन रोडवरून कॅनव्हासचे पांढरे बूट आणले. एकदा यशोदाबाईही लेणीवर आल्या होत्या. बघतात तर भिमाबाई कासोटा खोचून, बुटांत धापा टाकत वर आल्या, हात जोडले, खाली उतरल्या आणि पुन्हा चढायला लागल्या. यशोदाबाई काय ते समजल्या. त्यांनी सरळ सुचवलं, मल्हारीला सांगून टाका. भिमाबाई म्हणाल्या, शब्द गेलाय.

रविवारी मल्हारी रिझर्व्हेशन करायला सायकलवर निघाला. भिमाबाई दारात उभ्या होत्या. सायकल वळणापर्यंत गेली. आता नाही तर कधीच नाही. त्या धावत सुटल्या. साठी उलटलेली बाई पांढऱ्या बुटांत धावतेय, हे बघायला अख्खी कॉलनी गॅलऱ्यांत आली. नळाच्या रांगेजवळ त्यांनी सायकलचं कॅरिअर पकडलं.

"माझा शब्द मी मागं घेते," त्या म्हणाल्या. मग श्वास जुळेपर्यंत थांबल्या. "ती आख्खी टेकडी म्या फोडून खाल्ली, मल्हारी. तुझ्यासाठी खाल्ली, त्याचं मला वाईट नाय. पण ज्याला कोणीच हात लावला नाय, असा एक तरी डोंगर मला दाखव."

मल्हारी सायकलवरून उतरला. त्याने सायकल स्टँडवर लावली. यशोदाबाई गॅलरीतून म्हणाल्या, की बाई आता तरी एकदाच लेणी चढा. त्यावर नळावरच्या सगळ्या बायका हसल्या, मल्हारी हसला आणि भिमाबाईंना इतकं हसू लोटलं की त्या कॅरिअरवरच बसल्या. तिकीट डोळ्यांसमोर निघाल्याशिवाय उतरणार नाही म्हणाल्या आणि तशाच नाशिकरोडपर्यंत गेल्या. पुढच्या आठवड्यात, एक शब्द मोडलाच आहे तर दुसराही जाऊ दे म्हणत, भिकाच्या घरातही चहा पिऊन आल्या.

निघायच्या दिवशी सुमनबाईने दशम्या, चटणी, गुळाची ढेप असं सगळं पिशवीत भरलं. गूळ फोडायला म्हणून भिमाबाईंची जुनी हातोडीही वर ठेवली. भिमाबाईंनी ती अलगद बाहेर काढली, पदराने पुसली आणि चुलीमागच्या कोपऱ्यात उभी केली.

"गूळ दातानं फोडू," त्या सुनेला म्हणाल्या. "ही बघून तिथली दगडं भ्यायची."